वाढलेल्या दाढ्यांचे चार महिने

३ डिसेंबर, बडवानीच्या अलीकडे
आज बावीस कि.मी. तळपाय ठणकताहेत, बाकी मजेत. ओंकारेश्वरहून परिक्रमा उचलल्याला बारा दिवस झाले. नर्मदामैया कायम उजव्या हाताला. तिला ओलांडायचं नाही, साबण लावायचा नाही, दाढी-कटिंग करायची नाही. हा शेवटचा नियम मला सगळ्यात आवडला. चाळीस वर्षं रामदासपेठेत लोकांची डोकी हातात धरली, आता चार महिने कोणी ‘मधुभाऊ, जरा हात मारा’ म्हणणार नाही.
खरं कारण इथेच लिहितो, बायकोला, रेखालाही सांगितलेलं नाही. माझा उजवा हात थरथरतो. दिवाळीआधी एका जुन्या गिऱ्हाइकाच्या कानाखाली कापलं. गिऱ्हाईक डॉक्टर. रागावले नाहीत, माझाच हात हातात घेऊन बघत बसले. गोळ्या दिल्या. म्हणाले, कमी होईल किंवा नाही होणार. दुकान पोराच्या, सचिनच्या हवाली केलं आणि घरी सांगितलं की मैयाचं बोलावणं आलं. पोराला वाटलं बाप देवाला लागला. मैयाने एवढं खोटं पोटात घालावं.

११ डिसें., शूलपाणीची झाडी
डोंगरच डोंगर. आम्ही चौघं एकामागे एक. पुढे पुंडलिक, माझा साडू, नरखेडकडे संत्र्याचा बगीचा. त्याच्यामागे त्याची सुमन, म्हणजे रेखाची मावसबहीण. मग मी. शेवटी लकडगंजचे मोहनशेठ, लाकूड कापायच्या आरामशीनवाले, दर चढाला ‘अजून किती?’ विचारणारे.
दुपारी सुमनच्या टाचेत काटा मोडला. “भाऊजी, तुमचा हात हलका हाय, तुमीच काढा ना.” सुई घेतली. टोक नाचायला लागलं. म्हटलं, चष्मा पिशवीत राहिला, दिसत नाही, आणि सुई मोहनशेठकडे दिली. चष्मा माझ्या नाकावर होता. शेठनी काटा काढला, अर्धी टाच उकरून.
लाज वाटली. फार.

२९ डिसें., समुद्र उतरून
मैया जिथे समुद्राला मिळते तिथून बोटीने वळसा घालून उत्तर तीरावर आलो. एका बोटीत आमच्यासारखे पन्नास-साठ परकम्मावासी, सगळ्यांची तोंडं पांढरीफटक. मी दोन्ही हातांनी कठडा धरून. बोटच एवढी हलत होती की माझ्या हाताचं कोणाला काय कळणार! बरं वाटलं.
उतरल्यावर पुंडलिकने जाहीर केलं, “आता शेवटचं मुंडन बाहेरच्याकडून नाही करायचं. निघताना ओंकारेश्वरच्या त्या घाटावाल्या न्हाव्यानं माही टाळू सोलली होती. आपला साडभाऊ असताना काहून गा दुसऱ्याच्या पाया पडाचं?” सगळ्यांनी ‘नर्मदे हर’ केलं. मीही केलं. झाली पंचाईत.

२४ जाने.
कुठल्या गावी आहोत विसरलो. आश्रमात खिचडी, वर तूप. झोप मस्त लागते.
दाढ्यांचा अभ्यास चालू. पुं.ची दाट आणि सरळ, एका हातात उतरेल अशी. शेठच्या डाव्या गालावर जंगल, उजवीकडे माळरान. कुठून सुरुवात करायची, वस्तरा कुठे वळवायचा, चालताना सगळं मनात चालू असतं. धंदा सोडायला आलो आणि रस्ताभर धंदाच करतोय.
हात तसाच. सकाळी जास्त.

१९ फेब्रु., अमरकंटक
एवढीशी मैया. कुंडातून निघते तेव्हा पोरगी वाटते. काठी टेकून उभा राहिलो आणि रडू आलं. सुमनही रडली. शेठ म्हणाले थंडीने डोळ्यांतून पाणी येतं.
हात बरा होऊ दे म्हणून मागितलं. एवढं चालून शेवटी मागायला लागलो याची लाज वाटली, तरी मागितलं.

१८ मार्च, नर्मदापुरम
रेखा नागपूरहून गाडीने भेटायला आली. संत्री, शेव, नवे मोजे. आणि माझी वस्तरा-कात्रीची पेटी! मोहनशेठनी गुपचूप फोन करून मागवली होती. सगळे टाळ्या वाजवायला लागले.
घाटावर दोघंच बसलो तेव्हा सांगायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, “मले माहीत हाय. दिवाळीपासून तुमी चहा अर्धा कपच घेऊन राहिले. भरलेला कप हिंदकळते न.”
“मग पेटी काहून आणली वं?”
“त्याईनं मागितली, आणली. उघडाची का नाही, ते तुमी पाहा.”
चाळीस वर्षं बाई घरात आहे आणि मी तिला फसवायला निघालो होतो. गाडी सुटेपर्यंत दोघं हसत होतो.

२९ मार्च, ओंकारेश्वर उद्या
शेवटचा मुक्काम. चहाच्या वेळी सांगून टाकलं. हात थरथरतो, म्हणून आलो, मुंडन दुसऱ्याकडून करा.
मोहनशेठ म्हणाले, “मधुभाऊ, राग नका मानू. मले शुगर हाय, जखम भरत नाही. मी घाटावरच्या न्हाव्याकडंच बसतो.” सरळ माणूस. राग कशाचा?
पुंडलिकने बशी खाली ठेवली. “तुया हात हालते. माही मान तर नाही हालत ना? मंग झालं.”
“अरे, पण कापलं तर?”
“त्या घाटावाल्याचा हात तर दगडावानी पक्का होता गा. त्यानं काय कमी कापलं?”
मी तरी नाही म्हटलं. तो ऐकत नाही. सुमन म्हणाली, “ह्याईच्या डोक्यात काही शिरलं का निघत नाही, भाऊजी.”

३० मार्च, ओंकारेश्वर
पोचलो. एकशे एकोणतीस दिवस. घाटावर पाय ठेवला आणि आधी मैयाला हात जोडले.
शेठ तिकडे घाटावरच्याकडून गुळगुळीत होऊन आले, ओळखू येईनात.
पेटी उघडली. वस्तऱ्यात अर्धी ब्लेड घालताना दोनदा खाली पडली, तिसऱ्यांदा बसली. हात आज कालच्यापेक्षा बरा नाही, वाईटही नाही. उजवं मनगट डाव्या हाताने धरून पाहिलं. तसं जमेल, नाही जमेल. पण मन कधी नव्हे इतकं निवांत आहे, लपवायला काहीच उरलं नाही म्हणून असेल.
पुंडलिक पायरीवर डोकं ओलं करून, डोळे मिटून बसलाय. सुमन शेजारी वाटीत हळद घेऊन तयार. याला विश्वास म्हणायचा की काय म्हणायचं!
ओरडतोय, “लिहून काय राहिला गा, साडभाऊ? पानी वाळून राहिलं डोक्यावरचं!”
जातो.