उंदऱ्याचं पथ्य

प्रिय पोरी,

आधी एवढं वाच: उंदऱ्या ठणठणीत आहे. हे लिहिताना तो माझ्या पावलावर हनुवटी टाकून घोरतोय आणि माझ्या डाव्या पायाला मुंग्या आल्यात. पहिल्याच ओळीत हे सांगितलं, कारण पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागायला नको. माझा अकरा दिवस लागला होता, दोघींपैकी एकीचा लागला तेवढं पुरे. आज दुपारी त्याच्या रक्ताचा शेवटचा रिपोर्ट आला आणि माझा जीव भांड्यात पडला. आयुष्यभर दोनदोनशे माणसांच्या पातेल्यांत वावरलेली मी, भांडंही तेवढंच मोठं लागलं असणार.

आता बिस्किटांपासून सांगते, कारण ती मी तुझ्यापासून मुद्दाम लपवून ठेवली होती. तू त्याला आणलंस तेव्हा तो माझ्या घरातल्या सपातेत मावायचा, म्हणून तर उंदऱ्या. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरीणबाईंनी त्याच उंदराला वजनकाट्यावर उभं केलं, तर काटा छत्तीस किलोवर. बाईंनी त्याच्याकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. चोर बरोबर ओळखला. सकाळच्या चहाबरोबर दोन माझी आणि दोन त्याची, संध्याकाळी पुन्हा तेच, आणि मधे तो बिचारा नुसता बघत बसतो म्हणून एखादं. दुकानातला कुत्र्यांचा खाऊ आणला तर कान खाजवून खाजवून लाल केले. शेवटी बाई म्हणाल्या, घरीच भाजा, साखर नको, मीठ नको, लोणी नको. पोरी, हे त्यांनी कुणाला सांगावं! अठ्ठावीस वर्षं हॉस्पिटलचं पथ्याचं स्वयंपाकघर माझ्या ताब्यात होतं. दिवसाला तीन वेळा दोनशे दहा ताटं, प्रत्येक ताटावर चिठ्ठी, कुणाला मीठ नाही, कुणाला साखर नाही, कुणाला सगळं पातळ. एकही ताट चुकीच्या खाटेवर गेलं नाही. निवृत्तीच्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी हे भाषणात सांगितलं होतं, आणि त्यानंतर मी तुला किती वेळा सांगितलं ते तुलाच माहीत.

तर मी तुझा ओव्हन काढला. हो, तोच. तू आणलास तेव्हा 'गॅस असताना हे खोकं कशाला' म्हणून मी त्याच्यावर कापड घालून ठेवलं होतं आणि चार वर्षं त्याच्यावर डबे रचले होते. तू जाताना तो नेला नाहीस. तेव्हा मला वाटलं, विसरलीस. आता वाटतं, माझ्या डब्यांना हात लावायची तुझी हिंमत झाली नसेल. पहिल्या खेपेची बिस्किटं इतकी कडक झाली, की उंदऱ्यासाहेबांनी एक तोंडात धरलं, गॅलरीत गेले आणि मोठ्या कुंडीत पुरून आले. दुसरी खेप आतून कच्ची. तिसऱ्या खेपेला सूत जमलं. ओट्स दळून घ्यायचे, लाल भोपळा उकडून कुस्करायचा, एक अंडं, बस्स. लहान डबीच्या झाकणाने गोल पाडायचे, एकशे सत्तरवर पंचवीस मिनिटं, आणि मग ओव्हन बंद करून आतच वाळू द्यायचे. ही शेवटची पायरी कुणी सांगत नाही, मला दोन खेपा वाया घालवून कळली. कधी भोपळ्याऐवजी गाजर, कधी सफरचंद, बिया काढून. चव म्हणशील तर काही नाही. म्हणजे अगदी आमच्या बिनमिठाच्या वॉर्डासारखी. त्यामुळे माझ्या रक्तदाबालाही चालतात. अर्धा डबा त्याचा, अर्धा माझा. मागच्या महिन्यात तुझा माजी नवरा आणि माझा आजी मुलगा दोन दिवस येऊन गेला, त्याने चहाबरोबर चार खाल्ली आणि म्हणाला, आई, बरी आहेत, पण मीठ विसरलीस. मी काही बोलले नाही. उंदऱ्याही काही बोलला नाही, पण त्याने ज्या नजरेने बघितलं ती तू बघायला हवी होतीस.

पाच किलो उतरले त्याचे. कातडी चकाकायला लागली, जिने चढताना धापा टाकायचा तो थांबला. डॉक्टरीणबाईंनी कौतुक केलं आणि मी फुगले. नेमकं तिथेच घोडं पेंड खायला लागलं. त्या आठवड्यात उन्हाने तो जरा मलूल दिसत होता, चार घास कमी खायचा. मला काय वाटलं, अशक्तपणा. आणि अशक्तपणाला आमच्या स्वयंपाकघरात काय द्यायचे? मनुका. भिजवलेल्या मनुका. रक्त वाढतं, पोट साफ राहतं. हजारो वाट्या वाटल्यात मी. शुक्रवारी सकाळी चांगल्या दोन मुठी मनुका त्या पिठात घातल्या, वर प्रेमाने एकेक दाणा दाबून बसवला. त्याला तीन दिली. मग खाली पत्रं आलीत का बघायला गेले, तेवढ्यात त्याने जाळीवरची आणखी अकरा उडवली. मी परत आले तर मिशा चाटत बसलेला. मला हसू आलं गं. मी हसले. म्हटलं, भूक लागली बाबा एकदाची.

दोन तासांनी त्याने उलटी केली. पुन्हा केली. कोपऱ्यात जाऊन तोंड भिंतीकडे करून बसला. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि त्यांनी विचारलं म्हणून बिस्किटात काय काय होतं ते अगदी मोठ्या अभिमानाने सांगत गेले. मनुका म्हटल्यावर किती आणि कधी, एवढंच त्यांनी विचारलं. मग बाई म्हणाल्या, आजी, आत्ताच्या आत्ता घेऊन या. खालच्या शिंपीणबाईंनी गाडी काढली, दोघींनी मिळून त्याला चादरीत घालून उतरवला. वाटेत तो माझ्या मांडीवर डोकं टेकून होता आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. दवाखान्यात बाईंनी उलटीचं इंजेक्शन दिलं, मग कसलंसं काळं औषध पाजलं, आणि मला समजावून सांगितलं. मनुका आणि द्राक्षं कुत्र्याच्या किडनीवर बसतात. काहींना मूठभर खाऊनही काही होत नाही, काहींना चार दाणे पुरतात, आणि कोण कुठला हे आधी कळत नाही. आता तीन दिवस सलाइन आणि वाट बघणं. अठ्ठावीस वर्षांत एकही ताट चुकलं नाही म्हणणारी बाई मी, घरात एकच रोगी होता आणि त्यालाच नेमकं चुकीचं ताट वाढलं.

तिथे एक गंमत झाली, म्हणजे आता गंमत वाटते. चिठ्ठी करणाऱ्या मुलीने पेशंटचं नाव विचारलं, मी उंदऱ्या म्हटलं, तर ती म्हणे, आजी, उंदीर आम्ही नाही बघत. मग फाइल सापडली. ती अजून तुझ्याच नावावर आहे. सलाइनसाठी सही हवी होती आणि कागदावर रकाना होता, 'पालकाशी नातं'. पोरी, इतका अवघड रकाना मी जन्मात भरला नव्हता. सासू लिहावं तर कोर्टाने ते वर्षापूर्वी खोडलंय. ओळखीची असं लिहायला हात धजेना. मागे पिंजरा घेतलेला एक माणूस उभा होता, तो खाकरला, आणि त्याचा पोपटही खाकरला. मी 'आई' लिहिलं आणि सही ठोकून दिली.

रविवारी तू नेहमीप्रमाणे अकराला फोन केलास. उंदऱ्या कसा आहे म्हणालीस, मी म्हटलं झोपलाय. खोटं नव्हतं, दवाखान्यात सलाइन लावून झोपलाच होता. मग तू आनंदाने सांगत सुटलीस, नवं घर तळमजल्यावर आहे, मागे थोडी मोकळी जागा आहे, घरमालकीण कुत्र्याला हो म्हणाली. पुढच्याच्या पुढच्या शनिवारी त्याला न्यायला येते म्हणालीस. आणि मग जरा थांबून, पण आई, माझी पोहायला शिकणाऱ्या पोरांची पहिली तुकडी सकाळी साडेपाचला असते, तो एकटा राहील, तुम्हाला वाटत असेल तर राहू दे तुमच्याकडेच कायमचा, तुमच्याइतकं त्याचं पथ्य कुणाला जमणार? त्या क्षणी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं मला. म्हटलं, विचार करून सांगते.

सोमवारी त्याला घरी आणलं आणि मी एक कागद शोधायला बसले. तू जाताना फ्रिजवर चुंबकाने लावून गेली होतीस तो. तू गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी तो काढून ड्रॉवरमध्ये कोंबला होता, न वाचता. नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या ना! माझ्या स्वयंपाकघरात मला पथ्य शिकवणार, ही, जिला वरण किती शिट्ट्यांत होतं ते माहीत नव्हतं! मिक्सरच्या गॅरंटीच्या कागदांखाली सापडला. तुझं ते गोल गोल अक्षर. कांदा नाही, लसूण नाही, चॉकलेट नाही. आणि चौथी ओळ, खाली दोन रेघा: 'द्राक्षं, मनुका, बेदाणे – एकसुद्धा नाही हं आई.' मी खुर्चीत बसून रडले. उंदऱ्या आला आणि माझा गुडघा चाटत बसला, गुन्हेगाराचाच.

त्या रागाबद्दलही आज बोलतेच. तुझ्यावरचा नव्हता तो, निदान सगळा नव्हता. तुमचं दोघांचं बिनसलं तेव्हा मी मुलाची बाजू घेतली नाही हे मी सगळ्यांना ताठ मानेने सांगत आले. पण तुझीही घेतली नाही. तू बॅग भरत होतीस आणि मी भांडी घासत होते. स्वच्छ भांडी, पुन्हा. तुझे ओले टॉवेल दारांवर दिसायचे म्हणून मी इतकी वर्षं कटकट केली, आणि तू गेल्यावर दारं कोरडी बघून मला घरात बसवेना. ते तुला सांगायचं सोडून मी तुझी यादी ड्रॉवरमध्ये कोंबली. माणसाचं डोकं असं उलटं चालतं बघ.

गुरुवारचा रिपोर्ट बरा आला, पण बाई म्हणाल्या, अजून एक आठवडा थांबू. या रविवारी तू पुन्हा विचारलंस, ठरलं का आई, आणि मी पुन्हा टाळलं. आज मंगळवार. आज बाईंनी कागद माझ्यापुढे ठेवला, आकड्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, किडनी एकदम उत्तम, आजी, आता तुम्ही घरी जाऊन झोपा. मी दवाखान्याबाहेर पायरीवर बसले आणि आजही तिथे आलेल्या त्या पिंजरेवाल्यासमोर मोठ्याने हसले. रस्ताभर उंदऱ्याला सांगत आले, सुटलो रे बाबा, सुटलो. घरी येऊन पोटभर जेवले, अकरा दिवसांनी पहिल्यांदा अन्नाला चव लागली.

तर आता विचार करून सांगते. त्याला घेऊन जा. यादी पुन्हा फ्रिजवर लावली आहे आणि आता पाठ आहे, त्यामुळे माझ्या हातून पुन्हा असं व्हायचं नाही. भीतीपोटी त्याला पाठवत नाहीये. पण तू मला विचारलंस तेव्हा मी 'राहू दे' म्हणणार होते, मनुकांचं तुला कधीच कळू देणार नव्हते, आणि त्याचं कारण उंदऱ्या नव्हता. तू दर रविवारी फोन करतेस तो त्याच्यासाठी. मग पुढे तासभर आपण तुझ्या तलावात रडणाऱ्या पोरांबद्दल आणि माझ्या गुडघ्याबद्दल बोलतो, पण फोन वाजतो तो त्याच्यासाठी. तो गेला की तुला माझ्याकडे फोन करायला काय कारण उरेल? तो सलाइनवर होता तेव्हा मला हा जगेल का याची धास्ती होती, आणि तिच्या मागे आणखी एक धास्ती उभी होती, हा गेला तर पोरगीही गेली. ती कळली तेव्हा माझी मलाच लाज वाटली. कुत्र्याचा दोर करून तुला बांधून ठेवलं होतं गं मी. फोनवर हे सांगितलं असतं तर अर्ध्यावरच तू 'असू दे हो आई' म्हणाली असतीस आणि मला बरं वाटून मी गप्प बसले असते, म्हणून लिहिलं. लिहून झालं आणि रिपोर्ट आला तेव्हापेक्षाही हलकं वाटतंय. शनिवारी ये, जेवायलाच ये, ओव्हनही घेऊन जा. आणि रविवारी तू फोन करू नकोस. अकरा वाजता मी करीन. उंदऱ्या कसा आहे विचारीन, तू बरा आहे म्हण, आणि मग आपण बोलू.

तुझीच,
आई