घड्याळ चालेल

तीर्थस्वरूप अक्का,

तुझ्या धाकट्या भावाचा (आणि अजून नऊ दिवस या गावच्या नगराध्यक्षाचा) वाकून नमस्कार. वाकून म्हणजे मनातल्या मनात, कारण मी कमरेला पट्टा बांधून बसलो आहे. तो का बांधावा लागला ते पुढे येईलच. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे कळलं आणि आम्हा दोघांचा जीव भांड्यात पडला. नव्या चष्म्यातून सगळं स्वच्छ दिसायला लागलं आणि 'एवढी म्हातारी कधी झालीस गं' असं तू शेजारणीला तोंडावर विचारलंस, हेही कळलं. बरं वाटलं. म्हणजे तब्येत ठिकाणावर आहे. गुडघ्याला तेल लावतेस ना? जिना दिवसातून एकदाच चढायचा असं डॉक्टरांनी सांगितलंय, ते डॉक्टर समोर असतानाच पाळतेस की एरवीही? आमच्याकडे सगळं ठीक आहे.

माझी मुदत येत्या तीस तारखेला संपते. ती संपली की एक तारखेच्या सकाळच्या गाडीने आम्ही दोघांनी तुझ्याकडे यायचं आणि चांगलं महिनाभर राहायचं, हे वर्षापूर्वी तुझ्याच स्वयंपाकघरात ठरलं होतं. तुझ्या भावजयीने तेव्हा तुझ्यादेखत माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं की एक वर्ष, फक्त एक. वर्षभर तिने दुकान सांभाळायचं आणि मी गाव सांभाळायचं, मग महिनाभर कुणीच काही सांभाळायचं नाही. हे मी विसरलेलो नाही. (हे वाक्य मी मुद्दाम का लिहिलं असा तुला प्रश्न पडेल. पडू दे, सगळं ओळीने सांगतो.) वर्ष संपताना नगराध्यक्षाने केलेल्या कामांवर बोलायचं असतं. शनिवारी माझं भाषण आहे आणि आमच्या हेडक्लार्कने त्याचा मसुदा तयारही केला आहे. हा हेडक्लार्क म्हणजे सहा नगराध्यक्ष पचवलेला माणूस. त्याच्या मसुद्यात मी अकरा कामं 'दूरदृष्टीने' केली आहेत. खरं काय झालं ते गावात कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून तुला लिहितो.

सगळ्याच्या मुळाशी माझा एक शब्द आहे, 'चालेल'. या शब्दावरून तू मला लहानपणापासून बोलत आलीस. माझी छत्री हरवली तेव्हा आईने विचारलं होतं, अक्काची जुनी गुलाबी छत्री चालेल का? मी चालेल म्हणालो आणि ती फुलाफुलांची छत्री घेऊन दोन वर्षं मुलांच्या शाळेत गेलो. पुढे चपलांचं दुकान काढलं, तिथे तर हा शब्द म्हणजे धंदाच झाला. गिऱ्हाईक चप्पल पायात घालतं, आरशात स्वतःचे फक्त पाय बघतं आणि विचारतं, ही चालेल का? आपण चालेल म्हणायचं. (चप्पल आहे, चालणारच.) एकतीस वर्षं दिवसातून चाळीस वेळा हेच म्हटलं की जिभेला वळण पडतं. मला या खुर्चीवर बसवलं तेही या वळणामुळेच. नगरपालिकेत दोन्ही बाजूंना सारखी मतं पडली, तेव्हा दोघांनाही चालेल असा निरुपद्रवी माणूस शोधायचा होता. मंडळी दुकानात आली आणि एक वर्षापुरतं चालेल का म्हणून विचारू लागली. मी तेव्हा एका बाईंच्या पायात सँडल चढवत होतो. माझं उत्तर सँडलसाठी होतं की खुर्चीसाठी, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

पहिल्याच दिवशी स्वागताचा कार्यक्रम होता. सभागृह भरलेलं, मी मधल्या खुर्चीत, पाय जमिनीला टेकत नव्हते. हेडक्लार्क कानाशी येऊन हळूच म्हणाला, साहेब, सभागृहातर्फे भेटवस्तू द्यायची आहे, घड्याळ चालेल का? मी म्हणालो, घड्याळ चालेल. त्याचं विचारणं कुणाला ऐकू गेलं नाही. माझं म्हणणं मात्र सगळ्यांना ऐकू गेलं, कारण माझ्यासमोरचा माईक चालू होता. आता तुला माहीतच आहे, सभागृहाच्या डोक्यावर मनोरा आहे आणि मनोऱ्यावरचं घड्याळ एकोणीस वर्षं पावणेचारला थांबलेलं होतं. (आमच्या गावात 'पावणेचारला येतो' म्हणजे येत नाही.) अशा टाळ्या पडल्या की बाहेरची कबुतरं उडाली. एक निवृत्त मास्तर डोळे पुसत मागच्या रांगेत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी साप्ताहिकात पहिल्या पानावर आलं, 'घड्याळ चालेल: नव्या नगराध्यक्षांची धडाडीची घोषणा'. आता मास्तर डोळे पुसत असताना मध्येच उठून, अहो, मी मनगटावरच्या घड्याळाबद्दल म्हणत होतो, असं सांगायला वेगळ्या काळजाचा माणूस लागतो. आणि एवढं मोठं घड्याळ चालवणाऱ्याला छोटं कशाला, असा विचार करून सभागृहाने मला फुलदाणी दिली. ती दुकानात आहे. आम्ही तिच्यात बूट पायात चढवायचे शूहॉर्न ठेवतो.

मग जो तो मला रस्त्यात थांबवून विचारू लागला. दूधवाला, पोस्टमन, दाढी करणारा (वस्तरा गळ्यावर ठेवून), सगळ्यांचा एकच प्रश्न, काय साहेब, चालेल ना? फाइल मागवली. एकोणीस वर्षांत चार समित्या होऊन गेल्या होत्या. पहिल्या समितीने घड्याळ बंद आहे असा निष्कर्ष काढला होता. दुसरी तज्ज्ञांची होती, तिने पहिलीशी सहमती दर्शवली होती. तिसरीचा अहवाल तळमजल्यावर बसून लिहिला होता, कारण वर जायला ब्याण्णव पायऱ्या आहेत. चौथीने पायऱ्यांबद्दल लिहिलं होतं. शेवटी मी बाजारातल्या म्हाताऱ्या घड्याळजींकडे गेलो. त्यांचे गुडघे तुझ्याहून वाईट. ते म्हणाले, मी काही वर येणार नाही, मी खाली अंगणात खुर्ची टाकून बसतो, तुम्ही वर जा आणि काय दिसतं ते ओरडून सांगा, काय करायचं ते मी खालून ओरडतो. चालेल का? आता यावर मी दुसरं काय म्हणणार होतो?

तर अक्का, मी वर गेलो. खिशात दुकानातली पक्कड, हातात तेलाची बुधली. (पट्टा लागला तो याच ब्याण्णव पायऱ्यांमुळे, पण त्या दिवशी नाही, पुढे.) घड्याळाच्या तबकडीत एका बाजूला एक लहानशी खिडकी आहे. तिच्यातून डोकं बाहेर काढलं आणि बघतो तर काय, मोठा काटा तारेने बांधलेला. चांगली जाड तार, एक टोक काट्याला, दुसरं भिंतीतल्या हुकाला. एकोणीस वर्षांपूर्वी तबकडी रंगवायला आलेल्या रंगाऱ्यांनी, काम करताना काटा पाठीत बसू नये म्हणून तो बांधला असणार. मग तबकडीबरोबर तारही पांढरी रंगवली आणि परांची काढून निघून गेले. खालून ती दिसणं शक्यच नव्हतं. मी पकडीने तार तोडली. खाली येऊन घड्याळजींना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी माझ्याकडून शपथ घेतली की हे कुणाला सांगायचं नाही, कारण दुसऱ्या समितीतले तज्ज्ञ म्हणजे त्यांचे सख्खे थोरले बंधू.

तार तोडली म्हणून घड्याळ लगेच चाललं असं नाही. आत कबुतरांच्या तीन पिढ्या नांदत होत्या. साफसफाई, तेलपाणी आणि खालून ओरडणं यात दोन महिने गेले, त्यातच कंबर गेली. पण ज्या दिवशी पहिला ठोका पडला त्या दिवशी मी आणि तुझी भावजय खाली गल्लीत उभे होतो आणि, तुझ्यापासून काय लपवायचं, मला रडू आलं. साठ वर्षांत माझ्या हातून इतकं मोठं काही सुरू झालं नव्हतं. घड्याळ चौदा मिनिटं मागे आहे. मी ते माझ्या मनगटावरच्या घड्याळाला बघून लावलं आणि तेच मागे होतं. (भेटीचं घड्याळ मिळालं असतं तर ही वेळ आली नसती.) दुरुस्त करायला पुन्हा वर जावं लागणार म्हटल्यावर सभागृहाने एकमताने ठरवलं की गावाने घड्याळाप्रमाणे चालावं. शाळा, बँक, दवाखाना सगळे आता चौदा मिनिटं उशिरा उघडतात आणि कुणाचं काही अडलेलं नाही. बाहेरगावच्या बसच्या ड्रायव्हरने पंधरा दिवस कुरकुर केली, मग तोही आमच्यातला झाला.

एकच अडचण. ठोके थेट सभागृहाच्या डोक्यावर पडतात. अकराचे ठोके पडत असताना कुणी काही बोललं तर शेजारच्यालाही ऐकू जात नाही. विरोधी बाजूचे पुढारी (ते दातांचे डॉक्टर आहेत) अवघड प्रश्न अकराला एक मिनिट कमी असताना विचारतात आणि मी उत्तर बरोबर अकराला देतो. त्यामुळे आमच्यात फार गोडी आहे.

तसे इतरही 'चालेल' घडले. बागेच्या माळ्याने मला घाईत गाठून, बाक असे ठेवले तर चालतील का, असं विचारलं आणि हाताने काहीतरी दाखवलं. आज सहा बाक तळ्याकडे पाठ आणि पोस्टाच्या भिंतीकडे तोंड करून उभे आहेत. महिनाभर मी तो रस्ता टाळला. मग कळलं की पेन्शनर मंडळींची तिथे जागेसाठी भांडणं होतात, कारण डोळ्यांवर ऊन येत नाही आणि बायको येताना दिसत नाही. (मसुद्यात हे तिसरं 'दूरदृष्टीने'.) दुकानाचं विचारशील तर तुझ्या भावजयीने ते माझ्याहून बरं चालवलं आहे. ती गिऱ्हाइकाला सरळ सांगते, ही तुम्हाला शोभत नाही, काढा. तिच्याकडून 'नाही' ऐकायला लोक लांबून येतात. थकते मात्र फार. परवा खोक्यांच्या ढिगाला टेकून उभ्या उभ्या झोपली होती. तुझ्याकडे येण्याचे दिवस ती दुकानातल्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारून मोजते आहे.

असं हे वर्ष गेलं. मला विचारशील तर बरं गेलं. मी काही केलं असं नाही, पण ज्याला ज्याला चालेल म्हणालो ते कसंबसं का होईना चाललं. आता दगदग पुरे.

तुझा धाकटा

ता. क. दगदग पुरे असं वर लिहिलं आहे, त्यात थोडी सुधारणा आहे. काल शेवटची सभा झाली. दातांच्या डॉक्टरांनीच उठून विचारलं, साहेबांना आणखी एक वर्ष चालेल का? मी तयारीत होतो. तीन आठवडे दुकानाच्या आरशासमोर 'नाही' म्हणायचा सराव केला होता, तुझ्या भावजयीनेच तो करून घेतला होता. मी उभा राहिलो, स्वच्छ आवाजात म्हणालो, नाही, चालणार नाही. नेमके तेव्हाच अकराचे ठोके सुरू झाले. सगळ्यांना माझे ओठ हलताना दिसले आणि एवढी वर्षं हे ओठ एकाच शब्दासाठी हलत आले आहेत. अकरावा ठोका थांबेपर्यंत ठराव लिहून झाला होता, टाळ्याही वाजून झाल्या होत्या. तूच सांग, माझा यात काय दोष?

ता. क. दुसरा. आता मूळ काम. तू भावजयीला चार ओळी लिही की तुझ्या घरी रंगकाम निघालं आहे, सामान सगळं अंगणात आहे आणि या महिन्यात पाहुणे नकोत. तुझं पत्र आलं की तिला वाईट वाटेल, पण माझ्यामुळे वाटणार नाही. पुढचं मी बघून घेतो. पत्र लगेच टाक.

ता. क. तिसरा. वन्सं, नमस्कार. अक्षर बदललंय, ते माझं. पाकिटावर पत्ता नेहमी मीच घालते हे यांच्या लक्षात राहत नाही, की लक्षात ठेवूनच लिहिलंय, देव जाणे. सभेला मी वर सज्जात बसले होते. ठोके पडायला चांगली पाच मिनिटं होती. डॉक्टरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत हे चालेल म्हणाले आणि मग मान खाली घालून बसून राहिले. वरती बघायची हिंमत झाली नाही. मला फार राग आला. घरी येऊन मी बॅग काढली, माझ्या तेवढ्या साड्या भरल्या आणि यांना म्हटलं, मी एकटीच जाते वन्संकडे महिनाभर, चालेल का? यांनी तोंड उघडलं, मिटलं. परत उघडलं. मग म्हणाले, नाही. तेहतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा मला नाही म्हणाले. आरशापुढे कधी जमलं नव्हतं ते. मी तशीच बॅगेवर बसले, रागावता येईना. शेवटी यांचे दोन सदरे भरले. दोघंही येतो आहोत, एक तारखेला, पण आठच दिवस, कारण ठराव आता काही मागे घेता येत नाही आणि खरं सांगायचं तर त्या घड्याळाचा पहिला ठोका ऐकताना यांचा चेहरा जसा झाला होता तसा मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. ऑफिसात जाऊन मीच सांगून आले. हेडक्लार्क म्हणाले, वहिनी, आठाऐवजी चार दिवस चालतील का? मी नाही म्हटलं. रंगकाम काढू नका. दोन गाद्या उन्हात घालून ठेवा.