एका चिठ्ठीच्या अकरा प्रती

तीर्थस्वरूप ताईस,

सध्या घराण्यात सगळ्यात नावडत्या झालेल्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (कपाळावर फोड आल्यामुळे ते टेकवता येत नाही, तेव्हा आठातलं एक अंग वजा धर). तुझ्या गुडघ्यांची चौकशी करायला परवा फोन केला, तो तू माझा आवाज ऐकताच आपटलास. हात ठणठणीत आहेत एवढं कळलं, बरं वाटलं. म्हणून हे पत्र भाऊजींच्या हाती देतोय. ते समोर बसून घड्याळ बघतायत, पण मी थोडक्यात लिहिणाऱ्यांतला नाही हे त्यांना लग्नापासून माहीत आहे.

मुद्दा असा, की तुझी डॉक्टर लेक चार दिवस माझ्याशी बोलत नाही आणि तिनं बोलायला हवं. तुला एकच बाजू कळली असणार, म्हणून दुसरी सांगतो. मला कपाळाच्या डाव्या बाजूला नागीण झाली. लहानपणी तुझ्याकडून मला कांजिण्या आल्या होत्या ना, तोच व्हायरस म्हणे इतकी वर्षं माझ्या नसांच्या मुळाशी झोपून होता आणि आता उठला. म्हणजे मूळ दोष तुझा. पण मी मनात ठेवत नाही.

लेक हुशार आहे हो तुझी. माझ्यासारख्या झेरॉक्सवाल्याला कळेल अशा भाषेत तिनं सगळं सांगितलं. व्हायरस म्हणजे पाकिटातला कागद. पाकीट प्रथिनांचं, आणि कागदावर मजकूर एवढाच की माझ्या प्रती काढा. त्याच्याकडे ना मशीन, ना शाई, ना वीज. तो पेशीत घुसतो आणि पेशी स्वतःची कामं सोडून त्याच्याच प्रती काढत बसते. शेवटी दुकानाचा बोऱ्या वाजतो आणि प्रती शेजारच्या दुकानांत शिरतात. (असली गिऱ्हाइकं मी तीस वर्षं पाहतोय. जाताना स्टेपलरही नेतात.)

तिनं लिहून दिलेल्या गोळीचं काम तर मला फारच आवडलं. ती व्हायरसला मारत नाही. प्रत काढायला जे सुटे तुकडे लागतात, त्यांत ती आपला हुबेहूब नकली तुकडा सरकवते. तो जोडला गेला की पुढचा जोडताच येत नाही, प्रत अर्धवट राहते. आमच्या मशीनमध्ये डिंक लागलेला कागद गेला की होतं तसं. आधीच निघालेल्या प्रतींचा निकाल शरीर आपलं आपण लावतं, म्हणून गोळ्या लवकर सुरू करायच्या आणि दिवसाला पाच अशा सात दिवस घ्यायच्या. मी नेमानं घेतल्या. तिसऱ्या दिवशी आग थांबली आणि मला लोकसेवेची उबळ आली.

शेजारच्या शिंप्याच्या मानेवर चट्टा होता, त्याच्या मेहुण्याला खाज होती, आणखी कुणाकुणाला काही ना काही होतंच. प्रत्येकानं डॉक्टरकडे रांग कशाला लावायची? मी तिच्या चिठ्ठीवरच्या माझ्या नावावर पांढरी पट्टी ठेवली आणि सुबक अकरा प्रती काढून वाटल्या. सही अशी उठली होती की अस्सल कुठली ते मलाच ओळखू येईना. पण माझ्या चहाच्या कपाचा गोल डागही अकराही प्रतींवर तितकाच सुबक उठला. चौथं गिऱ्हाईक तोच डाग घेऊन आल्यावर औषधवाल्यानं तुझ्या लेकीला फोन केला, "मॅडम, नागिणीची साथ आलीय का?"

ती दुकानात आली ती तणतणतच. "मामा, माझी सही आहे ती! उद्या कुणाला काही झालं तर माझा दवाखाना बंद होईल, कळतंय का तुला? व्हायरस वेगळं काय करतो रे? स्वतःचं काही नसताना दुसऱ्याच्या जिवावर प्रती!" त्या दिवसापासून अबोला. मी दारोदार फिरून दहा प्रती परत आणल्यात, अकरावी शिंप्याच्या मेहुण्याकडून आज येईल. तिला एवढं सांग. मी चुकलो, आणि मला लाज वाटते.

बाकी मी अगदी खडखडीत बरा आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. : वर "नेमानं घेतल्या" लिहिलंय ते तिसऱ्या दिवसापर्यंत खरं आहे. औषधवाल्यानं शिंप्याला हाकलल्यावर त्याचा पडलेला चेहरा बघवेना, म्हणून माझ्या उरलेल्या गोळ्या त्याला दिल्या. त्याला गजकर्ण निघालं. ते बुरशीचं असतं म्हणे, या गोळीला भीकही घालत नाही.

ता. क. दुसरा : "खडखडीत" हेही जरा जास्त झालं. कालपासून फोड नाकाच्या शेंड्यावर उतरलेत, आणि आज सकाळपासून डाव्या डोळ्यानं धुकं दिसतंय. हे पत्र एकाच डोळ्यानं लिहिलंय.

ता. क. तिसरा : मला भीती वाटतेय, ताई. दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो तर आधीची चिठ्ठी मागतील, आणि ती कुठल्या तोंडानं दाखवू? तिला काय ओरडायचं ते ओरडू दे, पण समोर येऊन. भाऊजींना चहाला थांबवू नकोस, आल्या पावली तिला घेऊन परत पाठव.