पाचगणीचा गार कॉम्प्रेसर

९ फेब्रु.
कुपवाडच्या वर्कशॉपात दोन एसी धुऊन झाले. हे फौजेतून पेन्शनीत आले, तेव्हापासून माझ्या हाताखाली. सुभेदारसाहेब पाना देतात, मी बोल्ट आवळते. लोक हसतात. हसू देत. एवढी वर्षं रजेपुरता नवरा मिळाला, आता रोज चहाला समोर.
दुपारी पाचगणीच्या हॉटेल मॅनेजरचा फोन. परवा हॉलमध्ये साखरपुडा, एसी चालू करून द्या. विचारलं, "मेन स्विच चालूच होता ना?" म्हणाला, "असेल." त्या 'असेल'चीच भीती. गेल्या साली तिथला कॉम्प्रेसर असाच जाम झालेला. नवा मीच बसवलाय.

१० फेब्रु.
भीती खरी. बिल वाचवायला दिवाळीपासून मेन बंद! म्हणजे कॉम्प्रेसरचा हीटरही बंद.
मॅनेजर मागं लागला. "ताई, मुलीचे वडील आलेत. पाच मिनिटं चालवून दाखवा."
त्यात हे पण, "दाव की. पाच मिन्टानं काय हुतंय?"
लय राग आला. ह्यांचा हात धरून कॉम्प्रेसरच्या पोटावर ठेवला. बर्फ नुसता. म्हटलं, "ह्या पट्ट्याच्या हीटरनं तेल कोमट राहतं. तो बंद म्हणून थंडीत गॅस तेलात उतरून बसलाय. आत्ता चालू केला तर तेलाचा फेस होऊन निघून जाईल, बेअरिंगं कोरडी घासतील. जुना तसाच गेला."
हे स्विचबोर्डापुढं जाऊन ताठ उभे राहिले. मॅनेजरला म्हणाले, "मॅडम न्हाई म्हणत्यात. आता उद्याच."
मॅडम! घरात 'आगं' सोडून हाक नाही.
मुलीचे वडील भला माणूस. "थांबू की. गडबड कशाला?"
मेन चालू केला. हीटर तापायला लागला. मुक्काम पडला, खोली हॉटेलनं दिली. आमचं लग्न झाल्यावर इथंच यायचं ठरलेलं, ह्यांची रजा रद्द झाली. आता आलो, ते ग्रीसच्या कपड्यात. संध्याकाळी स्ट्रॉबेरी खाल्ल्या. ह्यांना आंबट लागल्या. मला नाही.

११ फेब्रु.
कॉम्प्रेसरचं पोट कोमट. माझ्या आधी ह्यांनीच हात लावून बघितलेला. चालू केला. खडखड नाही, बारीक सलग आवाज. उगाचच कान लावून उभी राहिले. दुपारी हॉल गच्च भरला, पण कुणी पदरानं वारा घेतला नाही. जेवल्याशिवाय सोडलं नाही. मॅनेजर मेन स्विचवर कागद चिकटवत होता: बंद करू नये. बरं झालं.

१५ फेब्रु.
पुण्याहून फोन, ह्यांच्या पलटणीतल्या मित्राचा. कंपनीत सुरक्षा अधिकारी, राहायला खोली. नोकरी चांगली. हे गच्चीवर जाऊन बोलले. खाली आल्यावर विचारलं, काय म्हटलं?
"इचार करून सांगतो म्हटलं."
मी 'जा' म्हणाले नाही. 'नका जाऊ' पण नाही. भाकरी करपली एक.

१७ फेब्रु.
कडेगावात मंगल कार्यालयाचं काम. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. गाडी हेच चालवत होते. न राहवून विचारलं, "पुण्याला काय कळवलं?"
"न्हाई अजून."
एक ट्रॉली मागं टाकली, मग म्हणाले, "आगं, त्यो हीटरचा पट्टा बसवायचा कसा, आज दाव मला."
दाखवला. सैल बसवला ह्यांनी. काढायला लावला. परत बसवला, मग घट्ट बसला. हात काळे करून खुशीत हसले.
मित्राचा फोन उद्या परत यायचाय. ह्यांनी सकाळचं काम मात्र घेऊन ठेवलंय, मिरजेचं. मला न विचारता.