मान 'हो' म्हणते

४ जून

आज पुन्हा दूध! सायीसकट! संस्थेतली मावशी रोज सकाळी विचारते, "दूध हवं ना, राणी?" आणि माझी मेली मान उसळतेच. खाली-वर, खाली-वर. कोणी काही विचारलं की मला बोलायची घाई होते, आणि घाई झाली की मान उसळते. जन्मापासूनचं अंगच तसं. पण इथं सगळ्यांच्या लेखी ते 'हो'. "बघा, हिला दूध किती आवडतं!"

मला दुधाचा वाससुद्धा सोसत नाही. वर्षानुवर्षं पितेय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

५ जून

एक ओळ लिहायची तर घाम फुटतो. म्हणून फुकट शब्द नाहीत. (हे वाक्य फुकट गेलं!)

दुपारी सगळ्यांना झोपवतात तेव्हा मावशी मला खुर्चीतून काढून चटईवर टाकते. पट्टे सुटतात. डाव्या पायाचा अंगठा, शेजारचं बोट, मध्ये चिंधी गुंडाळलेली जाडी पेन्सिल. हात आपल्याच मर्जीचे, ते माझं ऐकत नाहीत. पाय ऐकतो. मावशी वाकून बघते — "काय चितारलंस? कोंबडी का गं?" तिला वाचता येत नाही. मेट्रनला येतं, पण मेट्रन वाकत नाही.

वाचायला आईमुळे आलं. मांडीवर घेऊन गोष्टी वाचायची, ओळीखालून बोट फिरवत. मी वाचायला शिकले हे तिलाही कळलं नसावं. लिहायला शिकवलं ते इथल्या शाळेतल्या नव्या बाईंनी. खाली पडलेली पेन्सिल मी पायानं उचलली, ते त्यांनी पाहिलं. बाकीचे हसले असते. त्यांनी दुसऱ्या दिवशी कागद आणला.

११ जून

मेट्रन खुर्चीच्या डोक्यावरून मावशीशी बोलत होती. मी म्हणजे जणू कपाट. "हिची पस्तिशी झाली. या महिन्यात समिती बसणार, मग मागे."

मागे! मागची इमारत!

माझ्या खिडकीतून तिची फक्त भिंत दिसते आणि चादरी वाळत घातलेली दोरी. पुढच्या इमारतीत शाळा आहे, बाई आहेत, चित्रं आहेत, भांडणं आहेत. मागे शिकवत नाहीत, सांभाळतात. खाऊ घालायचं, कूस बदलायची, खाऊ घालायचं. मागे गेलेलं कोणी परत पुढे आलेलं मी पाहिलं नाही. तिथं मला खाटेवरून खाली कोण ठेवणार? पेन्सिल पायात कोण देणार? तोंड बंद आहेच, पायही बंद होणार.

मी ओरडले. मेट्रन म्हणाली, "खूश झालीय!"

१२ जून

बाई म्हणाल्या, नियम आहे, पण समिती ठरवू शकते. शिकणारी असेल आणि तिची स्वतःची इच्छा असेल, तर पुढे ठेवता येतं. "ते तुला विचारतील. तू पायानं लिहायचं. एकच शब्द. कागद मी धरते."

मी लिहून दाखवलं. बाईंचे डोळे भरले. म्हटलं (मनात!) रडताय काय, पेन्सिलला टोक काढा.

१३ जून

नाही. नाही. नाही. नाही. नाही.

शेवटचं बरं आलंय.

१५ जून

दादा-वहिनी आले. दादा माझ्याशी एवढ्या मोठ्यानं बोलतो की बाहेरचा माळीसुद्धा दचकतो. अरे, मी बहिरी नाहीये! वहिनीचं दुसरंच — "कोण आलंय? कोण आलंय बघू? ओळखलं का बाळानं?" बाळ वहिनीपेक्षा वर्षानं मोठं आहे.

मेट्रननं समितीचं सांगितलं. सहीला दादा हवा ना. दादा म्हणाला, "तिचं काय, ती कुठंही खुशीत असते. हो ना गं?"

मान! मान! मान!

मग खिशातला स्वतःचा रुमाल काढून त्यानं माझी लाळ पुसली. त्याला कधी किळस वाटत नाही. माझा एकुलता एक दादा आहे तो, आणि त्यानं माझं न ऐकता माझा निकाल लावून टाकला. राग येतो आणि मायाही येते, दोन्ही एकदम. पाहुण्यांच्या खोलीत मी खुर्चीत बांधलेली, पाय पट्ट्यात. जमिनीवर असते तर फरशीवर लिहून दाखवलं असतं, दगडानं लिहिलं असतं.

आई म्हणायची, बोलणाऱ्याचा कोंडा विकतो, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत. आई, माझे गहू पडून आहेत गं.

१८ जून

बाई संस्थेच्या साहेबांकडे जाऊन आल्या. साहेब हसले म्हणे. "बाई, तुम्ही मायेनं बघता, म्हणून तुम्हाला अक्षरं दिसतात." पण शेवटी म्हणाले, "बरं, समितीसमोर दाखवा. सगळ्यांनाच दिसेल."

दिसेल! दाखवू! बाईंनी दोनदा माझी पाठ थोपटली. आता फक्त तो दिवस यायचा.

२१ जून

उद्या. दूध सगळं उलटून पडलं. त्यातल्या त्यात तेवढंच बरं झालं.

२३ जून

काल लिहिता आलं नाही. आज सगळं लिहिते, पाय मोडला तरी चालेल.

सकाळी मावशी आली ती हसतच. हातात खोकं. "समितीची माणसं येणारेत. सगळ्यांनी नीटनेटकं दिसायचं. माझ्या राणीला बघ काय आणलंय!" पांढरे बूट. मोजे. लेसवाले! तिच्या भाचीला घट्ट झाले म्हणून मागून आणले होते तिनं, धुऊन, उन्हात वाळवून.

मी किंचाळले. लाथा झाडल्या. मावशीला हसू आवरेना — "अगं हो हो, कळलं, आवडले!" दोन्ही पायांना दुहेरी गाठ मारली, सुटू नये म्हणून. वर खुर्चीचा पट्टा. वेणी घातली. आरसा धरला समोर.

मी आणि बाईंनी सगळं ठरवलं होतं. कुठे बसायचं, कागद कसा धरायचा, पेन्सिल कोणती. जी बाई मला रोज कपडे घालते, तिला सांगायचंच राहिलं. कोणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्यासुद्धा!

बाई हॉलमध्ये अडकलेल्या. लहान मुलांचं स्वागतगीत बसवायला त्यांनाच उभं केलं होतं. दाराआडून पेटी ऐकू येत होती आणि मुलांचं भलत्याच ठिकाणी थांबणं.

टेबलामागे साहेब, दादा आणि एक डॉक्टर. डॉक्टर नवीन होते. उठून पुढे आले, माझ्या खुर्चीसमोर उकिडवे बसले, माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाले, "तुम्हाला मागच्या इमारतीत राहायला आवडेल का?"

तुम्हाला! उभ्या आयुष्यात मला कोणी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. वाटलं, हा माणूस थांबेल, याला सांगता येईल. आणि तेवढ्या आनंदानं मान अशी उसळली, अशी उसळली की खुर्ची कचाकच वाजली. इतकं मोठं 'हो' मी जन्मात म्हटलं नसेल. पाय बुटात नुसता वळवळत राहिला.

डॉक्टर म्हणाले, "वा. अगदी स्पष्ट सांगितलंत. थँक यू." दादानं सही केली.

तेवढ्यात बाई धावत आल्या. "बूट! तिचे बूट काढा!" खाली बसून गाठी सोडायला लागल्या. दुहेरी गाठ. नखं तुटली त्यांची. साहेब म्हणाले, "बाई, पुरे झालं आता." बाई म्हणाल्या, "ते हो नाहीये, साहेब, तिची मान अशीच होते!" डॉक्टर गोंधळले. चांगला माणूस. पण म्हणाले, "पण मी त्यांनाच विचारलं. त्यांचा होकार मी डावलू कसा?"

एक बूट निघाला तोवर मला दारापर्यंत आणलं होतं. बाहेर मावशी उभी. "कशी शोभली गं माझी पोर!" तिच्यावर चिडू तरी कशी?

२४ जून

काही नाही.

२७ जून

बाई आल्या. म्हणाल्या, वर अर्ज केलाय, पण पुढची समिती वर्षानं. मागच्या इमारतीत शिकवायला जायची परवानगी नाही — "तिथं ती सोय नाही" म्हणे. सोय!

नवी पेन्सिल दिली. मी पायानं त्यांच्या पदराला धरलं. त्यांनी हळूच सोडवलं, कारण वर्गात कोणीतरी पडलं होतं.

२९ जून

उद्या. मावशी माझं बोचकं बांधतेय. वही दाखवून म्हणाली, "ही चित्रं पण घालते हो." घाल, मावशे.

१९ जुलै

पेन्सिल! पाय! वही!

खाटेला कठडे आहेत इथं. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून खाटेवर. जमिनीवर कोणालाच ठेवत नाहीत, पुसायला त्रास होतो म्हणून. मी इथल्या सेविकेला हवालदार म्हणते, ती सगळ्यांना एकाच आवाजात हाकते. तिला इशारे करून दमले. उलट, मान उसळली की तीही दूधच पाजते! दूध इथंही माझ्या आधी पोचलं होतं.

मग डोकं लढवलं. बोलता येत नाही, पण पडता येतं ना! काल खुर्चीतून पडले. परवाही पडले होते. आज पट्टा बांधण्याआधीच तिसऱ्यांदा पडले, कपाळाला टेंगूळ. हवालदार वैतागली — "ही पडणारी बया आहे. हिला खालीच टाका बाई, माझ्या मागे चौकशी नको." आणि खाली गादी! बोचकं पायथ्याशी! पायानं गाठ सोडायला अख्खी दुपार गेली.

आपणच आपल्याला पाडून घ्यायचं आणि वर खूश व्हायचं. काय वेळ आलीय!

२१ जुलै

कोणाबद्दल लिहू? इथं काही घडतच नाही. भिंत, पंखा, भिंत. माझ्या गादीला लागून जी खाट आहे, तिच्यावर एक म्हातारी आहे. सगळे तिला बाहुली म्हणतात. हात नाही हलत, पाय नाही, जीभ नाही. कठड्याकडे तोंड करून कुशीवर ठेवलेली असते आणि खाली माझ्याकडे नुसती बघते. बघते म्हणजे डोळे उघडे असतात एवढंच. हवालदार तिच्यादेखत तिच्या मरणाच्या गोष्टी करते. तिला काय कळतंय म्हणा.

मी पण अशीच होणार. अजून थोडी वर्षं. ही माझी पुढची खाट.

२६ जुलै

दादाचा फोन आला म्हणे. हवालदार म्हणाली, "विचारत होता, रुळली का? म्हटलं, मजेत आहे."

३० जुलै

मी इथून बाहेर पडणार नाही. हे आज पहिल्यांदा लिहिलं. कोणासाठी लिहितेय? बाई येणार नाहीत. दादा वाचणार नाही. मावशीला कोंबडी दिसते. वर ती बाहुली, डोळे उघडे टाकून. वैताग आला. एकदा तरी दुसरीकडे बघ की बाई!

२ ऑगस्ट

आज विचित्रच झालं.

दुपारी हवालदार खुर्चीत घोरत होती. झोपेतसुद्धा मध्येच ओरडायची, "ए, गप्प बसा!" सगळे गप्पच होते. मी लिहिलं — 'हवालदार स्वप्नातही ड्युटीवर आहे. बिचारीला तिथला तरी पगार मिळतो का?'

आणि वरून आवाज आला. खुर्रर्र. घशातून. मी वर पाहिलं. बाहुलीचं अंग हलत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ओठांचा एक कोपरा वर गेला होता.

मी काहीच बोलले नव्हते. मी बोलतच नाही. मी फक्त लिहिलं होतं.

३ ऑगस्ट

सगळी मुळाक्षरं पानभर काढली. लिहिलं, 'वाचता येत असेल तर डोळे मिटा.' मिटले. मग एकेका अक्षरावर पाय ठेवत गेले. हव्या त्या अक्षराला ती डोळे मिटायची. चुकलं की बुबुळं गरागरा फिरवायची, माझ्याहून तापट आहे. एवढं एकच वाक्य संध्याकाळपर्यंत पुरलं. काना-मात्रा मी लावल्या.

म्हणाली, 'अक्षर मोठं काढ.'