गाडी दारात उभी असताना

बुधवार, १४ ऑक्टोबर
सकाळचे साडेनऊ

ठमे,

अनेक आशीर्वाद. पाकीट बघून दचकू नकोस, आई बरी आहे. आधी हेच लिहून टाकतो, कारण तू दिवसभर दुसऱ्यांच्या आयांना सलाइन लावत असलीस तरी स्वतःच्या आईची बातमी म्हटलं की तुझे हात गार पडतात हे मला ठाऊक आहे.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू फटाफट विचारतेस आणि मीही फटाफट सांगून मोकळा होतो. ते सांगणं बरोबर नव्हतं, असं हल्ली मला रोज वाटतं. कागदावर निदान खोडता येतं.

तर बातम्या. आई आता वॉकर धरून ओसरीपर्यंत येते. डाव्या हाताने जेवते, सांडलं की माझ्याकडेच बघते, जसं काही मीच सांडलं. व्यायाम घ्यायला येणारी मुलगी आली की झोपेचं सोंग घेते. ती मुलगीही वस्ताद आहे, म्हणते, "आजी, पापण्या हलतायत." वाचा मात्र अजून नाही. घशातून आवाज येतो, शब्द होत नाही. तुझ्या वहिनीच्या शाळेत सहामाही परीक्षा चालू आहेत, आज तिला दुपारचं जायचं आहे म्हणून घरात आहे. माझे गुडघे आहेत तसेच. दुकान बरं चाललंय.

तुझी ती पेट्रोल-बॅटरीवाली हायब्रिड गाडीही झकास आहे. दर बुधवारी, दुकान बंद असतं तेव्हा, मी तिच्यात बसतो. ब्रेकवर पाय दाबून धरतो, मग बटण दाबतो, आणि हिरव्या अक्षरांत "रेडी" आल्याशिवाय पाय उचलत नाही. तासभर तशीच चालू ठेवतो. इंजिन मध्येच आपोआप सुरू होतं, आपोआप गप्प होतं, मी त्यात नाक खुपसत नाही. एसी, रेडिओ, दिवे बंद. काचेवरच्या कॅमेऱ्याची वायर काढून ठेवली आहे. किल्ली पूर्वी दाराशेजारच्या खिळ्याला असायची, आता आतल्या खोलीत कपाटात असते, कारण किल्ली जवळ असली की गाडी जागी राहते आणि थोडी थोडी बॅटरी खात बसते. पंधरा दिवसांतून एकदा गावाबाहेर चक्करही मारून आणतो.

हे सगळं तुझ्याच कागदावरचं आहे, ओळखलं असशीलच. तो कागद तू मार्चमध्ये गाडी इथे ठेवून नोकरीवर जाताना माझ्या हातात दिलास. मी तो एकोणीस ऑगस्टला वाचला.

तारीख पुन्हा वाच, ठमे. अठराला आईला झटका आला. एकोणीसला मी कागद वाचला.

आता लिहायला घेतलंच आहे तर सरळ लिहितो. तू कागद दिलास तेव्हा मी तो न उघडता ड्रॉवरमध्ये टाकला. मनात म्हटलं, चाळीस वर्षं बॅटऱ्या विकल्या, भरल्या, दुरुस्त केल्या, ट्रकपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांच्या वायरी या हातांनी ओढल्या, आणि ही कालची पोरगी मला बॅटरी कशी सांभाळायची ते लिहून देते! तू वर लिहिलं होतंस, "दादा, तुला सगळं येतं हे मला माहीत आहे, तरी एकदा वाच." एवढी एक ओळ जरी तेव्हा वाचली असती तरी लाजेने पुढचं वाचलं असतं.

मी गाडीकडे दुर्लक्ष केलं असं मात्र समजू नकोस. दुर्लक्ष केलं असतं तर बरं झालं असतं, एक वेळ तेवढा गुन्हा परवडला असता. मी दर बुधवारी न चुकता गाडीत जाऊन बसायचो. बटण दाबायचो. समोर सगळे दिवे लागायचे, रेडिओ लागायचा. आवाज काही यायचा नाही, पण तूच म्हणाली होतीस ना, या गाडीचा आवाज येत नाही म्हणून. मी म्हणायचो, वा, चाललं चार्जिंग. आणि तासभर गाणी ऐकत बसायचो. ब्रेकवर पाय ठेवायचा असतो हे मला माहीतच नव्हतं. गाडी सुरू झालेलीच नसायची. छोटीला भरणारी मोठी बॅटरी आपली गप्प, आणि दिवे न् रेडिओ सगळं चालायचं त्या छोट्या बॅटरीवर. दर बुधवारी तासभर मी ती भरत नव्हतो, मी ती संपवत होतो. दुकानात कुणी असला गाढवपणा केला असता तर मी त्याला वर्षभर चिडवलं असतं.

जूनमध्ये तू फोनवर विचारलं होतंस, "दादा, हिरवं रेडी दिसतं ना?" मी म्हटलं, "दिसतं, दिसतं. मला शिकवू नकोस." तू हसलीस.

आता अठरा तारीख. वहिनी शाळेत गेली होती. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती, मी दुकान उघडायला निघणार, तेवढ्यात आईच्या हातून कप पडला. बघतो तर तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात लोंबतोय. काय झालंय हे मलाही कळलं, त्याला नर्स व्हावं लागत नाही. तिला उचलून ओसरीवरच्या खुर्चीत बसवलं. म्हटलं, गाडी आपल्या दारात उभी असताना कुणाला कशाला हाक मारायची? दवाखाना दहा मिनिटांवर. खिळ्यावरची किल्ली घेतली आणि धावलो.

दार उघडेना. किल्लीतली लोखंडी किल्ली काढून उघडलं. बटण दाबलं, काही नाही. मेलेली. मग मला चेव आला. बॅटरी बसली आहे ना? बसू दे. माझ्या दुकानात चाळीस भरलेल्या बॅटऱ्या रांगेने मांडलेल्या आहेत, मला कोण अडवतो? शटर वर केलं, एक बॅटरी आणि केबल घेऊन आलो, बॉनेट उघडलं. आत बॅटरीच नाही. मी खुळ्यासारखा शोधतोय. मग आठवलं, कुणीतरी म्हणालं होतं, हिची बॅटरी मागे डिकीत असते. डिकी करंटशिवाय उघडत नाही. मागच्या सीटवरून आडवा होऊन आत शिरलो, गुडघा सोलवटला, अंधारात चाचपडत बसलो. आणि तुझ्या कागदावर चौथ्या ओळीत लिहिलं होतं, बॉनेटखाली फ्यूजच्या डब्यात लाल झाकण आहे, तिथे केबल लाव. पाच मिनिटांचं काम.

मला दर वेळी वाटत होतं, झालंच, आता होईल. ऍम्ब्युलन्सला फोन करायचं मनात आलं नाही असं नाही. आलं. समोरच्या घरातल्या तात्यांची टॅक्सी त्यांच्या दारात उभी दिसत होती. तात्यांना हाक मारायचंही मनात आलं. पण बॅटरीवाल्याच्या दारात बॅटरी बसलेली गाडी, आणि ती बघायला गल्ली जमणार. हे माझ्या डोक्यात आलं, ठमे. आई खुर्चीत एका बाजूला कलत होती आणि माझ्या डोक्यात हे आलं.

अकराला दहा कमी असताना मी तात्यांचं दार वाजवलं. ते दाढी करत होते. एका गालावर फेस तसाच ठेवून बनियनवर बाहेर आले, आईला माझ्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतलं, आणि पंधरा मिनिटांत आम्ही दवाखान्याच्या दारात. एकही प्रश्न विचारला नाही. उघडं बॉनेट आणि रस्त्यावर पडलेली केबल त्यांनी पाहिली होती.

अकरा वाजून पाच मिनिटं. डॉक्टरांनी फॉर्मवर लिहिलं ते तू नंतर मागवून घेतलंस आणि विचारलंस, "दादा, मधला पाऊण तास कुठे गेला?" मी म्हटलं, "टॅक्सी वेळेवर आली नाही. तात्या येतो येतो म्हणाले आणि आलेच नाहीत." तोंडातून निघून गेलं. निघून गेलं म्हणतोय बघ, अजूनही. मी म्हणालो. मीच म्हणालो.

पाऊण तास आधी पोचलो असतो तर आईची वाचा वाचली असती का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. तू मात्र सांगू शकशील. म्हणूनच तुला विचारायची माझी छाती होत नाही.

या महिन्याच्या सुरुवातीला तू तात्यांच्या फोनवर लांबलचक मजकूर पाठवलास. ते तो घेऊन दुकानात आले. म्हणाले, "चष्मा घरी राहिला. वाचून दाखव रे." चष्मा त्यांच्या खिशात होता, काडी बाहेर दिसत होती. मी वाचलं. मोठ्याने. गिऱ्हाईक उभं होतं, तरी वाचलं. "तुम्ही मला गाडी शिकवलीत तेव्हा मी तुम्हाला काकांच्या जागी मानलं. माझी आई खुर्चीत पडली होती आणि तुम्हाला घराबाहेर पडायला पाऊण तास लागला. मी आल्यावर तुमच्या दारात पाऊल टाकणार नाही." सगळं वाचलं. एकही शब्द गाळला नाही, तेवढी अब्रू राखली.

तात्या म्हणाले, "पोरगी दुखावली आहे. उत्तर काय देऊ, तूच सांग."

मी गिऱ्हाइकाची बॅटरी पुसत बसलो.

"बरं, राहू दे," म्हणाले आणि गेले. याला आज अकरा दिवस झाले. रोज सकाळी ते टॅक्सी पुसतात, मी शटर उघडतो, आमची नजरानजर होते. त्यांनी गल्लीत कुणाला एक अक्षर सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं! तुला गाडी शिकवायला मी नकार दिला होता, वेळ नाही म्हणून. त्यांनी दोन महिने रोज सकाळी त्यांच्या टॅक्सीत तुला शिकवलं, गिअरबॉक्सचा कचरा झाला तरी हूं की चूं केलं नाही. अशा माणसाचं दार मी तुला बंद केलं.

आणि आता जे लिहायचं टाळतोय ते. आईला घरी आणल्यावर तू व्हिडिओ कॉल केला होतास. मी तिच्या पलंगावर बसलो होतो, फोन तिच्या तोंडासमोर धरून. तू पुन्हा विचारलंस, "खरंच पाऊण तास लावला त्यांनी?" मी म्हटलं, "हो ना." आणि आईने आवाज काढला. मोठा, घशातून, दोनदा. डावा हात उचलून फोन धरायला बघत होती. तू म्हणालीस, "दादा, तिला त्रास होतोय, नको तो विषय." मी म्हटलं, "हो, नको." आणि फोन ठेवला.

तिला त्रास होत नव्हता, ठमे. म्हणजे होत होता, पण तू समजलीस तो नव्हे. ती खुर्ची ओसरीवर होती, गाडीसमोर. चाळीस मिनिटं तिने मला बघितलं होतं. घडलेलं सगळं बघणारं एकच माणूस होतं, आणि त्या माणसाला बोलता येत नाही याचा मी फायदा घेतला. जन्मदात्या आईचा. त्यानंतर मी तिच्या खोलीत एकटा जायचं टाळतो. तुला वाटतं दादा रात्रंदिवस उशाशी बसून असतो. उशाशी वहिनी असते.

इथवर सकाळी लिहिलं. मग वाटलं, हे तुझ्याआधी तिला ऐकवायला हवं. गेलो, दार लोटलं, आणि पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं. वहिनीलाही यातलं काही माहीत नव्हतं. ती हातात टॉवेल घेऊन दारात उभी राहिली ती उभीच. वाचून झाल्यावर मी आईच्या पायांना हात लावला. तिने पाय आखडून घेतला, जो चांगला आहे तो. मग डावा हात पुढे केला, माझ्यासाठी नव्हे, कागदांसाठी. मी दिले. मांडीवर ठेवून बराच वेळ त्यांच्यावर हात ठेवून बसली.

मी म्हटलं, "आई, दे. आत्ताच पोस्टात टाकून येतो."

तिने मान हलवली. कागद उचलले आणि वहिनीकडे केले. मी पुन्हा हात पुढे केला तर माझ्या हाताला वळसा घालून पुन्हा वहिनीकडेच.

वहिनी चपला घालून दारात उभी आहे. शाळेत जाताना पोस्टात टाकणार आहे. या शेवटच्या चार ओळी लिहायला मी तिच्याकडून कागद मागून घेतलेत आणि ती माझ्या हातांवरची नजर काढत नाही. माझ्या हाती पत्र द्यायची आता या घरात कुणाची तयारी नाही. बरोबरच आहे त्यांचं.

पत्र मिळालं की फोन कर. आधी तात्यांना. मग आईला. मला करायचा की नाही, ते तुझं तू ठरव.

आठ आठवडे खोटं बोललेला,
दादा