हिरव्या दिव्याची बाजू

ती. आईस,
कोलंबोहून तुझ्या वैष्णवीचा नमस्कार.

बोट लागून होणाऱ्या उलट्या आता जवळजवळ थांबल्यात, काळजी करू नकोस. आणि ऐक, काल कॅप्टननी जहाजाचं सुकाणू माझ्या हातात दिलं!

"जेवायचा हात तो उजवा," असं आजीने शिकवलं आणि डावखुरी मी इंदिरानगरच्या चौकात स्कूटी नेमकी उलट वळवायचे, आठवतं? इथे जहाजाच्या उजव्या बाजूला स्टारबोर्ड म्हणतात. आपलं तोंड कुठेही असो, ती बाजू बदलत नाही. तिथे हिरवा दिवा असतो, तेवढा मी डोक्यात ठेवला. कॅप्टन "स्टारबोर्ड" म्हणाले आणि जहाज काय डौलात वळलं गं!

तुझा गुडघा कसा आहे?

आजीला सांग, तिने चापट्या मारलेल्या डाव्या हातानेच मी अजून जेवते. तरी एवढं मोठं जहाज माझ्या हातून बरोबर उजवीकडे वळतं.

तुझी डावखुरी,
वैशू